राख आणि राखण

प्रश्न असा आहे: "नागपूरजवळ आमची वडिलोपार्जित ३ एकर जमीन आहे. वीज केंद्राच्या राखेमुळे ती काही वर्षांपासून पडीक पडली आहे. ती विकण्याऐवजी निसर्गासाठी राखून ठेवावी अशी इच्छा आहे. झाडे लावली की तिथे पुन्हा जंगल उभे राहील ना? किती वर्षे लागतील?"

उत्तर:

तुमच्या प्रश्नात 'झाडे लावली की' हे तीन शब्द नसते, तर मी उत्तर लिहायला बसलेच नसते. याच तीन शब्दांवरून आमच्या घरात दोन दिवाळ्या अबोल्यात गेल्या. ज्यांच्याशी वाद झाला ते काकाजी आता नव्वदीला टेकले आहेत, पण वाद मिटला असे त्यांना वाटत नाही आणि मलाही वाटत नाही.

जमीन सावरते, हे आधी सांगून टाकते. परंतु ती झाडे लावल्याने सावरत नाही. राखण केल्याने सावरते, आणि झाडे त्या राखणीच्या मागून येतात. हा क्रम उलटा केला की पैसा, पाणी आणि नाती यांपैकी काहीतरी वाया जाते. आमच्याकडे तिन्ही गेली.

मी तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले. स्वतः शेती कधी केली नाही, पण वडिलांच्या पश्चात ४ एकर वावर माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावावर आले. ते नाल्याकाठी आहे आणि नाल्याच्या वरच्या अंगाला एका वीज केंद्राचे राखेचे तळे आहे. केंद्राचे नाव लिहीत नाही. नाव वाचले की लोक जमिनीविषयी बोलायचे सोडून केंद्राविषयी भांडू लागतात. एका श्रावणात सलग चार दिवस झड लागली, वरचा बांध एका ठिकाणी खचला आणि राखेचा गाळ नाल्यातून आमच्या सोयाबीनमध्ये उतरला. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा वावर ओल्या सिमेंटने सारवल्यासारखे दिसत होते. धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बोर तेवढी ओळखू येत होती. पंचनाम्यात 'पीक नुकसान' असे लिहिले गेले आणि एका हंगामाच्या सोयाबीनची भरपाई मिळाली. जमीनच गेली, हे लिहायला त्या कागदावर रकाना नव्हता.

ही राख म्हणजे काय, हे तुम्हाला साधारण ठाऊक असेलच. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते. म्हणजे १०० किलो कोळसा जाळला की तीस-चाळीस किलो राख हाती उरते, आणि ती पाण्यात कालवून नळाने तळ्यात सोडली जाते. तिचे कण अतिशय बारीक आणि बरेचसे काचेसारखे गोल असतात. ओली असताना ती घट्ट बसते, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात भुकटी होऊन उडते. तिच्यात स्फुरद आणि पालाश थोडेफार असतात, पण नत्र जवळजवळ नसते, कारण ते भट्टीतच जळून गेलेले असते. सेंद्रिय कर्ब नावापुरता. सुरुवातीच्या काळात विरघळणारे क्षार आणि बोरॉन मुळांना त्रास देतात, पण चार-दोन पावसाळ्यांत त्यांचा बराच भाग धुऊन जातो. म्हणूनच ताज्या राखेवर पहिल्याच वर्षी रोप लावणे म्हणजे तापल्या तव्यावर पाणी शिंपडणे आहे. हे मी तेव्हाही सांगितले होते.

ऐकायला काकाजी होते. त्यांचे उभे आयुष्य वनीकरणाच्या कामावर गेले. ऐंशीच्या दशकात सुबाभळीचे बी गावोगाव वाटणाऱ्या पिढीतले ते आहेत आणि मोकळी जमीन दिसली की त्यांचे हात खड्डा खणायला शिवशिवतात. "झाडं लावल्याशिवाय जंगल होते काय, बाई?" असे त्यांनी मला विचारले. भाऊ त्यांच्या बाजूने होता. माझे म्हणणे असे होते की आधी नाल्याचे पाणी वळवून नवी राख येणे थांबवावे, काट्यांचे कुंपण घालावे, गुरे आणि आग बाहेर ठेवावी, आणि दोन पावसाळे काय उगवते ते पाहावे. "म्हणजे काहीच करायचे नाही," असा त्याचा अर्थ लावला गेला. राखण हे काम आहे, हे आपल्याकडे कोणाला पटवून देणे फार अवघड आहे. कारण त्याचा फोटो निघत नाही.

त्याच सुमारास काकाजींनी कुठल्याशा रविवारच्या पुरवणीत कॅनडातील सडबरी शहराची हकिगत वाचली. तिथे निकेल आणि तांबे वितळवणाऱ्या भट्ट्यांच्या धुराने कित्येक मैल टेकड्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या, आणि १९७८ पासून तिथल्या लोकांनी पोतीच्या पोती चुना हाताने पसरून, त्यावर गवताचे आणि शेंगवर्गीय वनस्पतींचे बी टाकून, मग झाडे लावून त्या पुन्हा हिरव्या केल्या. हकिगत खरी आहे. काकाजींनी तिच्यातून चुना तेवढा उचलला आणि वीस पोती आणली. धुराने तिथली जमीन आम्लधर्मी झाली होती, म्हणून चुना लागला. आमची राख मुळातच अल्कधर्मी होती. शाळेच्या प्रयोगशाळेतून लाल लिटमसचे तुकडे नेऊन मी त्यांच्यासमोर ओल्या राखेवर ठेवले. ते निळसर झाले. काकाजींनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, "कागदाले काय समजते?" वीसही पोती पडली. त्या हकिगतीतील आणखी दोन गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटल्या होत्या: चुना पडण्यापूर्वी भट्ट्यांच्या धुराचा तिथल्या जमिनीवरचा मारा कमी झालेला होता, आणि झाडांच्या आधी गवत आले होते.

मग खड्डे झाले. ४०० सुबाभळी, २०० निलगिरी. बाहेरून काळी माती आणून प्रत्येक खड्डा भरला, टँकर लावला, गावातल्या मुलांना खाऊ वाटला. पुढच्या मृगाला मी मोजली तेव्हा ३७ रोपे जिवंत होती. मेलेल्यांपैकी एक निलगिरी मी उपटून पाहिली. मुळांचा गोळा खड्ड्याच्या आकाराचा झाला होता, जणू कुंडीतून काढला आहे. आणलेल्या मातीच्या कडेपर्यंत मुळे गेली होती आणि राख लागताच मागे वळून गोल गोल फिरली होती. खड्डा दीड फूट होता आणि त्या भागात राख दोन फूट होती. हा हिशेब कोणीही केला नव्हता. खाली, अर्ध्या फुटावर, आमची जुनी काळी माती तशीच पडून होती आणि रोपांना तिचा पत्ताही लागला नाही.

धुऱ्याकडचा साधारण एक एकराचा पट्टा मी भांडून स्वतःकडे घेतला होता. तिथे राखेचा थर दोन-तीन बोटांचा होता. मी तो एकदाच उभा-आडवा नांगरून घेतला, भोवती बोरीच्या आणि बाभळीच्या काट्या लावल्या आणि वरच्या बाजूने नाल्याकडे चर काढून घेतला. गावची गुरे राखणारा गायकी आणि मी यांच्यात वर्षभर शीतयुद्ध चालले. तो रात्री काट्या सरकवायचा आणि मी रविवारी येऊन त्या पुन्हा लावायचे. पहिल्या पावसाळ्यात आला तो तरोटा आणि गाजरगवत, आणि काकाजींना हसायला विषय मिळाला. गाजरगवत फुलायच्या आत उपटून घेतले, तरोटा तसाच ठेवला. दुसऱ्या वर्षी धुऱ्यावरून हराळी आत सरकली. तिसऱ्या वर्षी मारवेल आला आणि त्याच्यामागून थोडा शेडा आणि पवन्या, ही सगळी गवतेच. त्याच वर्षी उन्हाळ्यात टिटवीने उघड्या राखेच्या तुकड्यावर खडे रचून चार अंडी घातली. अंड्यांचा रंग आणि राखेचा रंग इतका मिळताजुळता होता की माझा पाय थोडक्यात चुकला. पुढे पळसाची रोपे दिसू लागली, पक्ष्यांनी आणलेले कडुनिंब आणि बोर आले. या पट्ट्यात मी एकही रोप लावलेले नाही. पातळ राख काळ्या मातीत मिसळली गेली तर तिचे विशेष नुकसान होत नाही. उलट आपली चिकण काळी माती थोडी भुसभुशीत होते. तुमच्या ३ एकरांतही राख सगळीकडे सारखी नसणार. म्हणून पहिले काम म्हणजे पहार घेऊन दहा-बारा ठिकाणी खड्डा घ्या आणि राख कुठे किती आहे हे कागदावर मांडा. त्या कागदाशिवाय कोणाचाही सल्ला ऐकू नका, माझाही.

आता 'जंगल' या शब्दाविषयी. तुमची जमीन राखेपूर्वी जंगल होती का? नागपूरच्या आसपास, विशेषतः नद्यानाल्यांच्या काठच्या सपाटीवर, पुष्कळ जमीन गवताची होती; मधूनमधून पळस, बाभूळ, बोर, हिवर, एखादा मोह. लावे, चंडोल, टिटव्या, ससे, मुंगसे यांना तीच लागते. अशा जागी सुबाभळीची दाट लागवड केली तर दुरून हिरवे दिसते, पण आत शिरून पाहिले तर खाली गवताची काडी नसते आणि पक्ष्यांचा आवाज नसतो. गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांना विचारा की तिथे पूर्वी काय उगवत असे. तेच तुमचे उद्दिष्ट. काकाजींना मी हे विचारले होते, ते म्हणाले, "पडीत होती." पडीत म्हणजे रिकामी, अशी आपल्या सगळ्यांची समजूत आहे. महसुलाच्या कागदांनी ती पक्की केली आहे.

रोपांची संख्या मोजण्याच्या या सवयीला सरकारी नियमांचाही हातभार आहे. राखेच्या वापराविषयी पहिली अधिसूचना १९९९ मध्ये निघाली आणि ३१ डिसेंबर २०२१ ची नवी अधिसूचना तिच्यापेक्षा बरीच कडक आहे: राखेचा १०० टक्के वापर, जुन्या साठलेल्या राखेची १० वर्षांत विल्हेवाट, आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरण भरपाई. मात्र ज्या तळ्यांवर हरित पट्टा किंवा वृक्षारोपण करून ती स्थिर केली आहेत, त्यांना जुन्या राखेच्या बंधनातून सूट आहे. सूट योग्यच आहे, कारण उडणारी राख कशीतरी दाबून धरणे गरजेचे असते. पण त्यामुळे 'राखेवर झाडे दिसली म्हणजे काम झाले' ही समजूत गावापर्यंत झिरपते आणि मग तुमच्यासारखा माणूस आपल्या ३ एकरांवरही तेच करायला निघतो. तळे झाकणे हे एक काम आणि वावर पूर्ववत करणे हे दुसरे.

इथपर्यंत वाचून मी सर्वस्वी बरोबर होते असे वाटले असेल, तर तसे नाही, आणि हे मला काकाजींच्या हयातीत लिहून ठेवायला हवे. नाल्याला लागून असलेल्या दोन एकरांत, जिथे राख दोन फूट होती, तिथे माझी राखण पाच वर्षे चालली आणि पाच वर्षांत बेशरम हे जंगली झुडूप आणि डबक्याच्या कडेला पाणकणीस यांच्यापलीकडे काही आले नाही. उन्हाळ्यात राख उडून शेजाऱ्यांच्या संत्र्यांवर बसत होती आणि ते मला रस्त्यात थांबवून विचारत होते. इतकी जाड राख आपणहून सावरायला माझे आयुष्य पुरले नसते.

त्या भागाला खरे उत्तर आपल्याच शहरात होते. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने खापरखेडा वीज केंद्राच्या राखेच्या ढिगावर १० हेक्टरांत असेच काम केलेले आहे. हेक्टरी ५० टन शेणखत, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशी ही त्याची पद्धत. त्याआधी याच संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या मातीच्या ढिगांवर साखर कारखान्यातील प्रेसमड, म्हणजे रस गाळल्यावर उरणारा गाळ, आणि असेच जिवाणू वापरून झाडे जगवली होती. म्हणजे झाड लावणे चूक नव्हते. निर्जीव भुकटीत लावणे चूक होते. आधी भुकटीची माती करावी लागते.

आम्ही त्या पद्धतीची गरिबाची आवृत्ती केली. एकरी सहा-सात ट्रॉल्या कुजलेले शेणखत अर्ध्या एकरावर टाकले, कारण तेवढेच परवडले. मृगात ताग पेरला आणि फुलावर येताच हिरवळीचे खत म्हणून गाडला. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. शेणखताच्या ट्रॉल्या काकाजींनी ओळखीने मिळवून दिल्या, ताग माझा. तिसऱ्या वर्षी मारवेलाचे ठोंब धुऱ्याकडून आणून लावले, आणि करंज, शिसू, बोर यांच्या बिया थेट टोकल्या, रोपे नाहीत. बियाण्यातून आलेले मूळ सरळ खाली जाते, पिशवीतले वेटोळे घालते. आज त्या अर्ध्या एकरात डोक्याएवढे करंज आहेत. उरलेल्या दीड एकरात अजून बेशरमच आहे. काकाजी म्हणतात, "मी तेच म्हणत होतो." ते तेच म्हणत नव्हते.

तुमचा वर्षांचा प्रश्न राहिला. पातळ राख असेल तर गवताला दोन-तीन पावसाळे आणि पहिल्या झाडोऱ्याला आठ-नऊ वर्षे, असा माझा एका पट्ट्याचा अनुभव आहे. जाड राख असेल तर खताच्या ट्रॉल्या जेवढ्या, तेवढी घाई करता येते. नवी राख येणे थांबले नसेल तर मोजणी सुरूच होत नाही. अशा वेळी आधी अर्जविनंत्या आणि चर, बाकी सगळे नंतर.

कायद्याने जमीन राखून ठेवायची असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने 'समुदाय राखीव' ही तरतूद आली आहे. व्यक्ती किंवा समाज स्वेच्छेने पुढे आला तर राज्य शासन खासगी जमीनही तशी जाहीर करू शकते, आणि त्यानंतर जमिनीचा वापर सहज बदलता येत नाही. तीन एकरांसाठी हा खटाटोप मला व्यर्थ वाटतो. शेजारचे दहा-बारा जण सोबत आले तर गोष्ट वेगळी. एकट्याने करायचे असेल तर भावंडांत लेखी करार करा, कारण जमिनीला खरा धोका पुढच्या पिढीतल्या वीटभट्टीवाल्याच्या निरोपाचा असतो. आमच्याकडे तो निरोप दोनदा आला. वीटभट्टीवाल्याने नुसती राख उचलून नेली तर माझी हरकत नव्हती, पण त्याला राखेखालची मातीही हवी होती.

आणि एक गोष्ट जी मी खरे तर आधीच सांगायला हवी होती. राखेत आर्सेनिक, सेलेनियम, क्रोमियम, शिसे यांसारखे घटक कमी-अधिक प्रमाणात असू शकतात. नेहमीच्या माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश, सामू (पीएच) आणि क्षार एवढेच कळते. जड धातू आणि बोरॉन यांची तपासणी वेगळी मागून घ्यावी लागते. तो अहवाल हाती येईपर्यंत त्या जमिनीवरचा तरोटा भाजीसाठी खुडू नका, बोरे खाऊ नका आणि गवत गुरांना घालू नका. गायकीशी तह म्हणून मी दोन वर्षे त्याला दिवाळीनंतर गवत कापून नेऊ दिले होते. त्याच्या गुरांना काही झाल्याचे ऐकले नाही, पण तपासणी न करता दिले, ही माझी चूक होती. विहीर असेल तर तिचेही पाणी तपासा. हे सगळे करूनही सावरलेली जमीन म्हणजे पेरणीयोग्य जमीन असे गृहीत धरू नका.

काकाजींच्या ३७ रोपांपैकी निलगिरी सगळ्या गेल्या, ९ सुबाभळी आजही उभ्या आहेत. त्या तोडायच्या नाहीत, असे आमच्यात ठरले आहे. माझी अट एवढीच आहे की त्यांच्या शेंगा वाळून फुटायच्या आत उतरवायच्या, नाहीतर सगळे वावर सुबाभळीचे होईल. दरवर्षी मी आकडी घेऊन जाते. काकाजी धुऱ्यावर खुर्ची टाकून बसतात आणि कोणत्या फांदीवर शेंगा राहिल्या ते काठीने दाखवतात.